प्रेसशॉपचे कान

माझ्या डाव्या कानाला चार हजार हर्ट्झच्या आसपासचं जवळजवळ काही ऐकू येत नाही. उजवा त्याहून थोडा बरा. १९८५ साली आयटीआय करून भोसरीतल्या एका कारखान्याच्या प्रेसशॉपमध्ये, म्हणजे पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या मशीनांच्या विभागात लागलो, तेव्हा कानात घालायला कापसाचे बोळे मिळायचे, तेही मागितले तर. इअरप्लग आले तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. दरवर्षीच्या मेडिकलला कानावर मशीन लावून आलेख काढायचे. माझा आलेख बरोबर चार हजारावर विहिरीत पडल्यासारखा खाली जायचा. डॉक्टर कागद न बघताच म्हणायचे, "प्रेसशॉपचा कान."

त्यामुळे गुरुवारच्या भजनात टाळ वाजताना मला दिसतात, किणकिण मात्र पोचत नाही. फोनवर स, श, फ यांचा घोळ होतो. पखवाज मी स्वतः वाजवतो, आणि त्याची धूम मात्र अजून शाबूत पोटात शिरते. हे आधी सांगायचं कारण एवढंच, की पुढे जे लिहितोय ते असल्या कानांनी ऐकलेलं आहे.

२०११ साली लेक अकरावीत होती. एक दिवस तिच्या टेबलावर सीडी दिसली. कव्हरवर अंधाऱ्या झाडीत तलवार उगारलेला, हेल्मेट घातलेला एक माणूस, फोटो काढताना हात हलावा तसा धूसर. 'पॅरानॉइड', बँडचं नाव 'ब्लॅक सॅबथ'. त्याच सुमारास एका रविवार पुरवणीत वाचलं होतं, की असली गाणी ऐकून अमेरिकेत पोरांनी जीव दिले आणि आईबापांनी गायकांवर खटले भरले. खटल्यांचं पुढे काय झालं ते पुरवणीत नव्हतं, आणि मीही शोधलं नाही. लेक क्लासला गेल्यावर सीडी लावली. पहिलं गाणं भोंग्यानं सुरू झालं, म्हणून दुसरं लावलं. पावणेतीन मिनिटांचं, धावतपळत जाणारं. शेवटाकडे गायक स्वच्छ म्हणाला, "एंड युअर लाइफ." तीनदा मागे नेऊन ऐकलं. तिन्ही वेळा तेच.

संध्याकाळी घरात काय झालं असेल ते सांगायला नको. ती म्हणत होती, "बाबा, तसं नाहीये ते." मी म्हटलं, मी काय बहिरा आहे? (होतो, पण ते मेडिकलपुरतं.) ती म्हणाली, सीडी मैत्रिणीची आहे. मी म्हटलं, मग मैत्रिणीच्या घरी फोन करतो. तिथे ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी सीडी कंपनीत नेली आणि टूलरूमच्या ड्रॉवरमध्ये, स्लिप गेजच्या पेटीखाली ठेवली. ड्रॉवरची किल्ली माझ्याच खिशात असायची.

आता खरं सांगायचं, तर ती पुरवणी नुसतं निमित्त होती. आठ तास दोनशे टनी प्रेसच्या शेजारी उभं राहून घरी यायचं, आणि घरी आपलीच पोरगी हौसेनं गोंगाट ऐकत बसलेली. हेच मला सहन होत नव्हतं.

मध्ये चौदा वर्षं गेली. मी रिटायर झालो, ड्रॉवर खोक्यात रिकामा करून घरी आणला. लेक नोकरीसाठी बर्मिंगहॅमला. २०२५ च्या जुलैत आम्ही दोघं पहिल्यांदाच तिच्याकडे गेलो. आम्ही पोचायच्या आठवडाभर आधी, ५ जुलैला, तिथल्या व्हिला पार्क स्टेडियमवर या ब्लॅक सॅबथचा शेवटचा कार्यक्रम झाला होता. मूळचे चौघे वीस वर्षांनी एकत्र. गायक ऑझी ऑस्बर्नला पार्किन्सन झालेला, उभं राहवत नव्हतं, म्हणून तो काळ्या सिंहासनावर बसून गायला. लेकीला तिकीट मिळालं नव्हतं, तिनं पैसे भरून घरीच बघितला. हे मला तिच्या आईकडून कळलं. माझ्यापाशी तिनं विषय काढला नाही.

२२ जुलैच्या संध्याकाळी ती तव्यावर पोळी टाकून उभी होती. फोन वाजला, तिनं बघितलं आणि तशीच उभी राहिली. पोळी करपल्याचा वास मला आला, तिला नाही.

"काय गं?"

"ऑझी गेला."

माझ्या तोंडून निघून गेलं, "तो सीडीवाला?"

"हो," ती म्हणाली. "सीडीवालाच." गॅस बंद केला आणि आत गेली.

३० जुलैला त्याची अंत्ययात्रा शहरातून जाणार होती. मी आपण होऊन म्हटलं, मीही येतो. ब्रॉड स्ट्रीटवर कॅनॉलचा एक पूल आहे, त्याला आता ब्लॅक सॅबथचंच नाव दिलंय. तिथे एक लोखंडी बाक आहे, वर चौघांचे चेहरे. बाक फुलांखाली दिसेना. गर्दी अफाट, आणि त्या गर्दीत माझ्या वयाची माणसं किती! टक्कल पडलेली, ढेऱ्या सुटलेली, काळे टी-शर्ट घातलेली. एकाच्या हाताची करंगळी अर्धी होती. माझी नजर हातांकडे आधी जाते, ती जुनी सवय. शववाहिकेत जांभळ्या फुलांनी नाव लिहिलेलं, आणि पुढे पितळी वाद्यांचा एक बँड चालत, वाजवत. लेक कानाशी येऊन म्हणाली, "हे 'आयर्न मॅन'." मला काय अपेक्षा होती कुणास ठाऊक, पण ती चाल होती. साधी, जड, पायरी पायरीनं चढणारी. घरी येईपर्यंत मी ती गुणगुणत होतो, आणि हिनं दोनदा विचारलं की हा कुठला अभंग.

म्हणून ठरवलं, तो 'पॅरानॉइड' अल्बम ऐकायचाच. गाणी आठ, सगळी मिळून बेचाळीस मिनिटं.

पहिला प्रयत्न फसला. स्वयंपाकघरात फोनवर लावलं. फोनच्या त्या चिमुकल्या स्पीकरमधून खालचे आवाज येतच नाहीत, वरचेच येतात, आणि वरचे माझ्यापर्यंत पोचत नाहीत. म्हणजे दोन्हीकडून वजाबाकी. उरला तो माशा घोंगावल्यासारखा आवाज. दोन मिनिटांत बंद केलं आणि मनात म्हटलं, २०११ ला आपण बरोबरच होतो.

लेकीनं काही न बोलता तिचे मोठे हेडफोन टेबलावर ठेवले. दुसऱ्या दिवशी ते घालून कॅनॉलच्या काठानं चालायला निघालो.

आणि इथे माझी पहिली फजिती झाली. मला सगळं ऐकू येत होतं. गेल्या वीस वर्षांत कुठलंही गाणं ऐकताना काहीतरी निसटतंय असं वाटत राहायचं. व्हायोलिन अर्धं, घुंगरू तर नाहीच. इथे बेस गिटार, खालच्या पट्टीतली जाडजूड गिटार, ड्रमचा धडाका, सगळंच माझ्या विहिरीच्या अलीकडचं. या माणसांनी जणू माझ्या मेडिकलचा आलेख समोर ठेवून वाद्यं लावली होती. झांजांची सळसळ तेवढी लेकीनं सांगितली म्हणून कळली.

पहिलं गाणं 'वॉर पिग्ज', जवळपास आठ मिनिटं. त्यातला तो भोंगा, ज्याला घाबरून मी २०११ ला पुढचं गाणं लावलं होतं, हवाई हल्ल्याचा भोंगा आहे. हे चौघे १९४८-४९ मध्ये जन्मले आणि याच शहरातल्या ॲस्टन भागात वाढले. १९४० पासून जर्मन विमानांनी बर्मिंगहॅमवर बाँब टाकले होते, आणि ही पोरं लहानाची मोठी झाली ती त्या पडक्या जागांमध्ये खेळत. त्यांच्या आईबापांनी तो भोंगा खराखुरा ऐकलेला. आपल्याकडे कंपनीचा भोंगा असतो. शिफ्ट सुटली की माणूस खूश. तिथे त्याच आवाजाला लोक जिन्याखाली पळत.

सुरुवात अगदी विलंबित, तीन-तीनच्या झोल्यात, दादरा फार सावकाश वाजवावा तशी. मग सगळं थांबतं. दोन ठोके, आणि पुढे मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत फक्त हाय-हॅटची, म्हणजे ड्रमच्या जोडझांजेची टिकटिक आणि गायक एकटा. पुन्हा दोन ठोके. पुन्हा मोकळी जागा. पखवाजावर आमचे बुवा शिकवताना म्हणायचे, हात उचललेला असतो तेव्हाही वाजवत राहा. ड्रमवाला बिल वॉर्ड ते करतोय. गोंगाट, गोंगाट म्हणून ज्याला मी चौदा वर्षं नावं ठेवली, त्यात इतकी मोकळी जागा असेल असं मला वाटलं नव्हतं. मी काठावर थांबून ते मात्रा मोजत पुन्हा ऐकलं. शेजारून सायकलवाला घंटी वाजवत गेला असणार, कारण जाताना त्यानं वळून शिवीसारखं काहीतरी म्हटलं. घंटी माझ्या विहिरीत पडली.

गाण्याचा विषय युद्ध: पटावर सोंगट्या हलवाव्यात तसे गरिबांना लढायला पाठवणारे पुढारी, आणि शेवटी त्यांचाच निवाडा. व्हिएतनामचे दिवस होते ते. शब्द बहुतेक बेसवाल्या गीझर बटलरचे. पहिल्याच दोन ओळींत त्यानं 'मासेस' या शब्दाशी 'मासेस' हाच शब्द जुळवलाय, एकदा झुंडी या अर्थानं आणि एकदा सैतानाच्या पूजाविधीच्या अर्थानं. लेक म्हणाली, यावरून लोक अजून त्याची चेष्टा करतात. मी म्हटलं, आमच्या मोरोपंतांनी जन्मभर हेच केलं, त्याला आम्ही यमक म्हणून शाळेत मार्क दिले. चौदा वर्षांत या विषयावर आम्ही दोघं पहिल्यांदा हसलो असू.

या गाण्याचंच नाव अल्बमला द्यायचं होतं. तो तलवारवाला त्यासाठी काढलेला. मग नाव बदललं, कव्हर तेच राहिलं. ड्रॉइंग बदललं आणि लेबल जुनंच गेलं, तशातला प्रकार. आणि मी त्या लेबलाला घाबरलो होतो.

'आयर्न मॅन' ऐकायच्या आधी मला गिटारवाल्याची गोष्ट कळली, आणि दोन दिवस मी गाणं बाजूला ठेवून तीच घेऊन बसलो. टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना शीट मेटलच्या कारखान्यात वेल्डिंग करायचा. बँडबरोबर बाहेर जायचं ठरलं, नोकरी सोडली. शेवटचा दिवस. दुपारी जेवायला घरी आला तो परत जायला तयार नव्हता. आई म्हणाली, कामाचा दिवस पुरा करून ये. त्या दिवशी प्रेसवरचा नेहमीचा माणूस आला नव्हता, म्हणून याला प्रेसवर उभं केलं. प्रेस पायानं चालवायचा. तो खाली आला, यानं हात ओढला, आणि उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं तिथेच राहिली.

अपघाताचे रिपोर्ट मी माझ्या नोकरीत आठ-दहा लिहिलेत. पहिला रकाना: मशीनवर नेहमीचा ऑपरेटर होता का? दुसरा: ट्रेनिंग झालं होतं का? तिसरा: गार्ड होता का? पायाचं पेडल म्हणजे दोन्ही हात मोकळे, आणि मोकळा हात डायमध्ये, म्हणजे साच्यात, जातोच. म्हणून तर दोन्ही हातांनी एकदम दाबायची बटणं आली. एक हात जरी उचलला तरी रॅम, म्हणजे प्रेसचा वरचा ठोकळा, उतरत नाही. नोकरीचा शेवटचा दिवस, बदली माणूस, अनोळखी मशीन, पेडल. हे सगळं वाचून मला त्याच्या संगीताचं काही वाटायच्या आधी त्याच्या सुपरवायझरचा राग आला.

आमच्याकडेही एक होता. १९९१, दुसरी शिफ्ट. हेल्पर, नेहमीचा ऑपरेटर गावाला गेलेला. उत्पादन अडतंय म्हणून गार्ड काढून ठेवलेला. डाय मी सेट केलेली होती. त्याची तीन बोटं गेली. पुढे कंपनीनं त्याला गेटवर बसवलं, आणि रोज आत जाताना तो मला डाव्या हातानं सलाम करायचा. एवढंच.

आयोमी डावखुरा. म्हणजे तारा दाबायचा हात उजवा, तोच कापला गेलेला. डॉक्टरांनी सांगितलं, गिटार विसर. कारखान्यातल्या फोरमननं त्याला जँगो राइनहार्ट या जॅझ गिटारवाल्याची रेकॉर्ड आणून दिली. जँगोचा डावा हात आगीत भाजला होता, आणि तो बहुतांशी दोनच बोटांनी वाजवायचा. मग या पोरानं काय केलं, तर भांडी घासायच्या लिक्विडची प्लास्टिकची बाटली वितळवली, तिचे गोळे केले, तापल्या सोल्डरिंग आयर्ननं त्यांना भोक पाडलं, आणि घासून घासून बोटांवर बसतील अशा टोप्या बनवल्या. प्लास्टिक तारेवरून घसरायचं, म्हणून त्यावर जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. गिटारच्या नेहमीच्या तारा जाड पडायच्या, म्हणून बँजोच्या बारीक तारा लावल्या.

फेअरी लिक्विडची ती बाटली लेकीच्या सिंकपाशीही होती. मी ती हातात घेऊन बराच वेळ उलटीसुलटी करून बघितली. टोपी बोटावर बसवायची म्हणजे फिट फार घट्ट झाला तर कापलेलं टोक ठणकणार, सैल झाला तर वाजवता वाजवता निघणार. दोन्हींच्या मधलं कानशीनं गाठायचं, आणि मोजमाप काय, तर आपलंच दुखणं. टूलरूममध्ये पोरांना फिट आणि टॉलरन्स शिकवताना हे उदाहरण माझ्याकडे असायला हवं होतं.

आता 'आयर्न मॅन'. सुरुवातीला ड्रमचा नुसता पायाचा ठोका. धप्. धप्. धप्. धप्. बाकी काही नाही. मी पुन्हा थांबलो. फ्लायव्हील फिरतंय, क्लच लागतोय, रॅम खाली. ब्लँकिंगचा, म्हणजे पत्र्यातून तुकडा पाडायचा स्ट्रोक. मग गिटारचा एक सूर खाली वाकतो, पत्रा ताणला जावा तसा, आणि मग ती अंत्ययात्रेतली चाल. गायक गिटारच्याच सुरांवर पाय ठेवत चालतो. आमच्या भजनात पेटी गाणाऱ्याच्या मागून येते, इथे गाणारा गिटारच्या मागून. गोष्ट अशी, की भविष्यातला विनाश बघून आलेला माणूस लोखंडाचा होतो, कुणी त्याचं ऐकत नाही, आणि शेवटी तोच सूड म्हणून तो विनाश घडवतो. गोष्ट पोरकट वाटली. ठोका नाही.

लोक म्हणतात, यांच्या गाण्यात बर्मिंगहॅमच्या कारखान्यांचा आवाज आहे. असं वाक्य कुणीही लिहील. मी चाळीस वर्षं प्रेसशेजारी उभा होतो, म्हणून सांगतो: प्रेसचा आवाज कर्कश नसतो. कर्कश असतं ते ग्राइंडिंग. प्रेस जमिनीतून तळपायात येतो. पहिल्या वर्षी वैताग येतो, दहाव्या वर्षी त्या लयीवर हात चालतात, आणि रॅमचा ठोका जरा जरी बदलला तरी सेटर डबा टाकून जेवणावरून उठतो. 'आयर्न मॅन' मला तळपायात ऐकू आलं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. 'प्लॅनेट कॅरव्हान' अगदी हळुवार, आवाज ऑर्गनच्या फिरत्या स्पीकरमधून काढलेला, पाण्याखालून आल्यासारखा. हे हिलासुद्धा आवडलं. 'इलेक्ट्रिक फ्युनरल' अणुयुद्धावरचं, मला कंटाळवाणं वाटलं, दोनदा ऐकूनही. 'हँड ऑफ डूम' बेसवर दबकत सुरू होतं आणि हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांबद्दल आहे. त्यातलं हळू-जोरात-हळू मला फार आवडलं. 'रॅट सॅलड' म्हणजे ड्रमला दिलेली जागा. वॉर्ड हाताचा चांगला, पण पखवाजवाल्याला अडीच मिनिटांच्या गाण्यात एवढ्याशा सोलोनं काय होणार? बोल तयार होतायत तोवर संपलं. शेवटच्या 'फेअरीज वेअर बूट्स'मध्ये बूट घातलेल्या पऱ्या कशासाठी ते लेकीनं सांगितलं. डोकं भादरलेल्या टोळक्याशी झालेल्या मारामारीतून आलंय म्हणे. मला ते अजूनही पटलेलं नाही. आणि ऑझीचा आवाज. त्याला गाता येतं असं मी म्हणणार नाही. सुराला तो बरोबर जातो, पण फिरत वगैरे काही नाही. तरी तो आवाज त्या जड वाद्यांच्या वर तरंगत राहतो, भोंग्यासारखा, तो जरा विहिरीच्या कडेनं.

एक गाणं मी टाळत होतो. तेच, दुसरं.

'पॅरानॉइड' हे गाणं मुळात भरतीचं. १९७० च्या जूनमध्ये लंडनला रेकॉर्डिंग चाललं होतं, अल्बमला तीनेक मिनिटं कमी पडत होती. बाकीचे जेवायला गेले, आयोमीनं तेवढ्यात ती धून बसवली. बटलरनं शब्द लिहिले. अर्ध्या तासाच्या आत काम झालं, आणि पुढे तेच गाणं इंग्लंडच्या खपाच्या यादीत चौथ्या नंबरापर्यंत गेलं, अल्बम पहिल्यावर. आमच्याकडे उरलेल्या पट्टीतून वॉशर पाडतात, तसं. शब्दांत 'पॅरानॉइड' कुठेच नाही. बटलरनं पुढे सांगितलं, की त्याला स्वतःला डिप्रेशन होतं, त्या वेळी त्याला त्याचं नावही ठाऊक नव्हतं, औषध नव्हतं. कशातच मन रमत नाही, हसता येत नाही, लोकांना वाटतं डोकं फिरलंय. सगळं गाणं हेच.

लेक समोर बसली होती. मी हेडफोन घातले. सोलोच्या वेळी एका कानात साधी गिटार आणि दुसऱ्यात तीच गिटार पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखी. मी हेडफोन उलटे करून पुन्हा ऐकलं, म्हणजे दोन्ही कानांना न्याय. मग ती ओळ आली.

"काय ऐकू आलं?"

"एंड युअर लाइफ," मी म्हटलं.

तिनं फोनवर शब्द उघडून पुढे केले. 'एंजॉय लाइफ'. मला जमलं नाही, उशीर झालाय, पण तुम्ही जगण्याची मजा घ्या, असं तो सांगतोय. इंग्रजीत 'एंड युअर' भरभर म्हटलं की ड आणि य मिळून ज होतो, एंजर. एंजर आणि एंजॉय. तो मधला 'ऑय' गिटारखाली दबला की संपलं.

मला वाटलं, आता ती म्हणेल, बघा. ती म्हणाली, "मलाही पहिल्यांदा तसंच ऐकू आलं होतं, बाबा. पुष्कळांना येतं. म्हणून तर मी शब्द शोधून वाचले."

मी विचारलं, "तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं."

मग बराच वेळ कुणी बोललं नाही. नंतर तिनं स्वतःच एक गोष्ट सांगितली, मला टोचायला नाही, सहज, ऑझीच्या आठवणींत. ऑझीचे वडील टूलमेकर होते. तिथल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत (जीईसी), रात्रपाळीला. पोरगा शाळेत ढ, खाटीकखान्यात काम करून झालेलं, चोरी करून तुरुंगात जाऊन आलेला. असल्या पोरासाठी त्या माणसानं २५० पौंड कर्ज काढून माइक आणि स्पीकर घेऊन दिले. मग पोरानं दुकानात चिठ्ठी लावली, गायकाला बँड पाहिजे, स्वतःची साउंड सिस्टिम आहे. ती चिठ्ठी वाचून बाकीचे आले. आवाज कुणी ऐकला नव्हता. सिस्टिम आहे म्हणून आले.

टूलमेकर, रात्रपाळी. मला त्याचा हात दिसला, तेलानं काळी झालेली नखं, कर्जाच्या कागदावर सही करताना. ॲस्टनमधल्या घरी सकाळी झोपायला आलेल्या त्या माणसालाही शांतताच हवी असणार. त्याचे कान काही माझ्याहून बरे नसतील.

निघायच्या आदल्या रात्री बॅगा भरताना मी म्हटलं, "ती सीडी आहे हं माझ्याकडे. टाकली नाही."

"माहितीये. आईनं सांगितलं, तुमच्या खोक्यात सापडली म्हणून."

"मग मागितली का नाहीस? मैत्रिणीला परत द्यायची होती ना?"

"तिला मी तेव्हाच नवी घेऊन दिली. दिवाळीत आजीनं दिलेल्या पैशांतून." आणि बॅगेची चेन लावता लावता म्हणाली, "ती तुम्हीच ठेवा आता."

भोसरीला आल्यावर खोकं उघडलं. मायक्रोमीटर, ट्राय-स्क्वेअर, दोन कानशी, तळाशी सीडी. चौदा वर्षं तेलाच्या हवेत राहून कव्हरचा कागद कडेला पिवळा पडलाय, तबकडी स्वच्छ आहे. जुना डीव्हीडी प्लेअर अजून चालतो. दुपारी ही झोपलेली असताना आवाज बेताचा ठेवून लावतो. परवा भजनाच्या आधी पखवाजाला कणीक लावत लावत 'आयर्न मॅन' ऐकलं, आणि बाया नेहमीपेक्षा जरा खाली लावला गेला. बुवांनी विचारलं, आज एवढा जड का? मी म्हटलं, हवा दमट आहे.

दुसरं गाणंही ऐकतो. शब्द आता पाठ आहेत, कुठे काय येणार ते माहीत आहे. ओळ जवळ आली की उजवा कान स्पीकरकडे करतो. तरी दर वेळी 'एंड युअर'च ऐकू येतं. मग मागे नेऊन पुन्हा लावतो.